‘सनातनी’ आणि ‘पुरोगामी’ माणसांची मनं खरंच वेगळी असतात का? पाथर्डीपासून नेब्रास्कापर्यंतची गोष्ट

तालुक्याच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जरा वादाची बातमी पडली, की दहा मिनिटांत दोन गट तयार होतात. एक गट दुसऱ्याला ‘फुरोगामी’ म्हणतो, दुसरा पहिल्याला ‘अंधभक्त’. मग ‘लिब्रांडू’ येतो, ‘मनुवादी’ येतो. शेवटी ॲडमिन हात जोडल्याचा इमोजी टाकून “ग्रुपवर राजकारण नको” म्हणतो आणि सगळे पुन्हा सुप्रभातच्या फुलांकडे वळतात.

या शिव्यांमागे एक समज पक्का असतो. समोरचा वेगळा विचार करतो म्हणजे त्याच्या डोक्यातच काहीतरी गडबड आहे, असा. आणि मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न खरोखर अभ्यासाला घेतलाय. परंपरा धरून ठेवणारा माणूस आणि बदल मागणारा माणूस यांच्या मनाची घडण वेगळी असते का? गेली वीस-पंचवीस वर्षं यावर ढिगाने संशोधन झालं. त्यातलं काही टिकलं, काही पार कोसळलं. पण ते समजून घ्यायला अमेरिकेपासून सुरुवात करण्याची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातला पाथर्डी तालुका पुरेसा आहे.

मढीचा ठराव

पाथर्डी तालुक्यातलं मढी हे गाव कानिफनाथांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत इथे यात्रा भरते. राज्यभरातून अठरापगड जातींचे लोक येतात, त्यातही भटक्या-विमुक्त समाजांचे जास्त. मानाची होळी गोपाळ समाजाची, कळसाला काठी लावण्याचा मान कैकाडी समाजाचा. रंगपंचमीच्या सुमारास भरणारा गाढवांचा बाजार तर दरवर्षी वर्तमानपत्रात फोटोसकट छापून येतो.

यात्रेच्या आधी गावात महिनाभर एक व्रत पाळलं जातं. तळण करायचं नाही, लग्नकार्य काढायचं नाही, खाट-पलंगावर झोपायचं नाही. दुखवट्यासारखा हा काळ असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. दिलेल्या कारणांमधलं मुख्य कारण हे की बाहेरून आलेले हे व्यापारी गावाचं व्रत पाळत नाहीत आणि त्यामुळे भाविकांच्या भावना दुखावतात. ठराव कायद्यात बसतो का, यावर लगेच प्रश्न उभे राहिले, प्रकरण पंचायत समितीपर्यंत गेलं आणि बातमी देशभर पोहोचली.

त्या दिवसांतला वाद आठवून पाहा. ठरावाच्या बाजूचे लोक काय म्हणत होते? आमचं गाव, आमचं दैवत, आमचं व्रत. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ज्याला पाळायचं नाही त्याने येऊ नये. विरोधातले लोक काय म्हणत होते? एका धर्माच्या नावावर सरसकट बंदी म्हणजे भेदभाव. व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय. वर्षातून एकदा खेळणी, बांगड्या, मिठाई विकून चार पैसे मिळवणाऱ्याच्या पोटावर पाय कशाला?

दोन्ही बाजूंची वाक्यं एकमेकांना उत्तर देत नाहीत, हे लक्षात आलं का? एक बाजू पावित्र्य आणि आपलेपणाबद्दल बोलतेय, दुसरी इजा आणि न्यायाबद्दल. दोघंही नीतीबद्दलच बोलतायत, पण नीती म्हणजे काय याची व्याख्याच वेगळी आहे.

याचा अर्थ दोन्ही बाजू सारख्याच बरोबर आहेत असा नाही. व्रत न पाळणारा माणूस कुठल्याही धर्माचा असू शकतो, पण बंदी घातली गेली ती धर्म पाहून. पावित्र्याचा मुद्दा इथे कुठे संपतो आणि ‘ते’ विरुद्ध ‘आपण’ कुठे सुरू होतं, हे वेगळं काढावंच लागतं. तरीही ठरावाला हात वर करणारा प्रत्येक माणूस द्वेषानेच पेटलेला होता असं मानलं, तर त्याच्या मनात काय चाललं होतं ते कधीच कळणार नाही.

भुवनेश्वरमध्ये सापडलेलं उत्तर

जोनाथन हाइट नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९३ साली तीन महिने ओडिशात भुवनेश्वरला राहिला. स्वतः पक्का उदारमतवादी. तिथे तो ज्या घरांमध्ये जेवायला जायचा, तिथे बायका वाढायच्या आणि मग आत निघून जायच्या. नोकरांशी फार बोलायचं नाही, थोरांच्या पाया पडायचं, देवघरात पायताण न्यायचं नाही. सुरुवातीला त्याला हे सगळं खटकलं. काही आठवड्यांनी मात्र जाणवलं की ही माणसं त्याला आवडतायत, आणि त्यांच्या वागण्यालाही एक नैतिक चौकट आहे. त्या चौकटीत एकटा माणूस केंद्रस्थानी नाही. तिथे घर आहे, कुळ आहे, देव आहे.

यातून पुढे ‘नैतिक पाया’ हा सिद्धांत उभा राहिला. त्यानुसार माणसाची नैतिक समज मुख्यतः पाच गोष्टींवर उभी असते: दुसऱ्याला इजा होऊ नये, न्याय व्हावा, आपल्या माणसांशी निष्ठा असावी, वडीलधाऱ्यांचा आणि अधिकाराचा मान राखावा, आणि पवित्र ते पवित्र राहावं. २००९ मध्ये हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उदारमतवादी लोक पहिल्या दोन पायांवर भर देतात आणि बाकीच्या तिघांना कमी महत्त्व देतात. परंपरावादी लोक पाचही जवळपास सारख्या वजनाने तोलतात.

मढीचा वाद या पाच शब्दांत किती नेमका बसतो पाहा. अर्थात हा सिद्धांत काही ब्रह्मवाक्य नाही. पाचच का, सहा का नाहीत, यावरही वाद आहेत, आणि सगळ्या देशांत ही मापं सारखी चालत नाहीत. पण एक गोष्ट त्याने बरी केली. तोवर बऱ्याच संशोधकांचा सूर असा होता की परंपरावाद ही एक प्रकारची भीती आहे, कमतरता आहे. याला एक साधं कारण होतं. अमेरिकेतल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांमध्ये उदारमतवादी लोकांचीच संख्या प्रचंड आहे. प्रश्नावली तेच बनवणार, उत्तरांचा अर्थही तेच लावणार. २०१५ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनीच ‘आपल्या घरात एकाच मताचे लोक आहेत, त्याने विज्ञान वाकडं होतंय’ असं जाहीरपणे लिहिलं. आपली चूक आपणच छापायला हिंमत लागते.

नऊ दिवसांचं अंतर

आता शिक्क्यांकडे येऊ. ‘उदारमतवादी’ आणि ‘परंपरावादी’ हे शब्द आपण आज वापरतो ते बाहेरून आलेले. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीत सभागृहात कोण कुठल्या बाजूला बसलं त्यावरून आले. ‘लिबरल’ हा शब्द राजकीय अर्थाने १८१० च्या आसपास स्पेनमध्ये रुळला. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ त्यानंतर काही वर्षांत फ्रान्समधून आला आणि १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये एका पक्षाचं नाव झाला. गोंधळ असा की अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे डावीकडे झुकलेला आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी ‘लिबरल’ म्हणजे खुल्या बाजारपेठेचा समर्थक. एकच शब्द, अर्थ जवळजवळ उलटे.

महाराष्ट्रात हा गोंधळ किती जुना आहे हे बघायचं तर टिळक आणि आगरकर. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, बाळ गंगाधर टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. नऊ दिवसांचं अंतर. जात एक, डेक्कन कॉलेज एक, ध्येय एक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आगरकर ‘केसरी’चे संपादक होते. आणि तरी १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं, कारण मित्राशी जमेना.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा हे त्यातलं सगळ्यात मोठं रण. मुलीचं संमतिवय १० वरून १२ करण्याचा प्रस्ताव होता. आगरकर बाजूने, टिळक विरोधात. इथे बहुतेक लोक थांबतात आणि टिळकांवर ‘सनातनी’ असा शिक्का मारून मोकळे होतात. पण टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आपल्या घरात ढवळाढवळ करण्याला होता. सुधारणा समाजाने आपणहून करावी, असं ते म्हणत. सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून मुलींची लग्नं १६ वर्षांच्या आत करू नयेत, असा कायद्यापेक्षा कडक नियमही त्यांनी सुचवला होता. टीकाकारांचं म्हणणं, ही पळवाट होती. आणि ते अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. कारण स्वेच्छेच्या सुधारणेची वाट बघत बसलेल्या समाजात दहा वर्षांच्या मुलीला मतच नव्हतं.

आता उलट बाजू. सामाजिक बाबतीत जपून पाऊल टाकणारे टिळक राजकारणात ‘जहाल’. सामाजिक बाबतीत पुढे जाऊ पाहणारे न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले राजकारणात ‘मवाळ’. मग यातला बदल हवा असलेला कोण आणि आहे ते जपणारा कोण? एका सरळ रेषेवर या चौघांना उभं करून दाखवा. जमणार नाही.

नंतरच्या काळातलं उदाहरण घ्यायचं तर शरद जोशी. शेतमालावरची सरकारी बंधनं काढा, बाजार खुला करा, ही त्यांची मागणी. अमेरिकेत हे ‘उजवं’ ठरतं. त्याच शरद जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’मधून बायकोच्या नावावर जमीन करायला शेतकऱ्यांना लावलं. हे ‘डावं’ ठरतं. शब्दाच्या मूळ अर्थाने ते खरे उदारमतवादी होते, पण आपल्याकडे ‘लिबरल’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे धोतर नेसलेला शेतकरी येत नाही, हा आपल्या शब्दकोशाचा दोष.

मेंदूतला तीळ

“हे सगळं ठीक, पण स्वभाव वेगळे असतात ना?” असतात. थोडे.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायची पाच परिमाणं वापरली जातात. त्यातली दोन इथे कामाची. एक म्हणजे नव्या अनुभवांसाठीचा मोकळेपणा: नवं खाणं, नवी गाणी, अनोळखी कल्पना. दुसरं म्हणजे नेटकेपणा: वेळ पाळणं, जबाबदारी पार पाडणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं. पहिला गुण उदारमतवाद्यांमध्ये सरासरीने जास्त सापडतो, दुसरा परंपरावाद्यांमध्ये. २००८ च्या एका अभ्यासात तर संशोधकांनी लोकांच्या खोल्या तपासल्या. परंपरावाद्यांच्या खोलीत कॅलेंडर, इस्त्रीचं सामान, आवराआवरीच्या वस्तू जास्त. उदारमतवाद्यांच्या खोलीत तऱ्हतऱ्हेची पुस्तकं, प्रवासाच्या वस्तू, आणि पसारा.

पण ‘सरासरीने’ हा शब्द गिळून टाकू नका. २०१२ मध्ये ७३ अभ्यासांची आणि जवळपास ७२ हजार लोकांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. मोकळेपणा आणि परंपरावाद यांचा संबंध उणे ०.१८ इतका निघाला, नेटकेपणाचा ०.१०. साध्या भाषेत सांगायचं तर माणसामाणसांतल्या राजकीय मतांच्या फरकापैकी जेमतेम तीन टक्के फरक ‘मोकळेपणा’वरून कळतो. उरलेला कुठून येतो? घर, जात, गाव, शिक्षण, पोटापाण्याचा धंदा, आणि कोणत्या काळात वाढलात त्यावरून. तेव्हा एखाद्याची पसाऱ्याने भरलेली खोली बघून त्याचं मत ओळखायला जाऊ नका.

मेंदूच्या अभ्यासांची कहाणी आणखी मजेदार आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ४६ लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांना भीतीदायक चित्रं दाखवली, अचानक मोठा आवाज ऐकवला, आणि त्वचेतला घाम व पापण्यांची उघडझाप मोजली. परंपरावादी मतांचे लोक जास्त दचकतात असा निष्कर्ष निघाला. शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापला गेला, जगभर बातम्या झाल्या, “उजवे लोक घाबरट असतात हे विज्ञानाने सिद्ध केलं” अशा पोस्ट फिरल्या. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी कितीतरी जास्त लोकांवर तोच प्रयोग करून पाहिला. तो निकाल पुन्हा मिळाला नाही. या दुसऱ्या बातमीची पोस्ट मात्र फारशी फिरली नाही.

लंडनमध्ये २०११ मध्ये ९० विद्यार्थ्यांच्या मेंदूची छायाचित्रं काढली गेली. भीतीशी जोडला जाणारा अमिग्डला नावाचा भाग परंपरावाद्यांमध्ये मोठा आणि चुका ओळखण्याशी जोडला जाणारा दुसरा एक भाग उदारमतवाद्यांमध्ये मोठा, असं दिसलं. हा प्रयोग नेदरलँड्समध्ये ९२८ लोकांवर पुन्हा केला गेला आणि २०२४ मध्ये निकाल आला. दुसरा भाग गायब झाला. अमिग्डलाचा फरक सापडला, पण आधीच्या एक तृतीयांश. म्हणजे किती? संशोधकांच्याच उपमेत सांगायचं तर तिळाएवढा.

बरं, तो तीळ आधीपासून होता म्हणून मतं तशी झाली, की तशी मतं जगून तो तीळ आला, हेही छायाचित्रावरून कळत नाही.

आणि एका बाबतीत दोन्ही बाजू अगदी सारख्या निघाल्या. आपल्या मताला सोयीचा पुरावा पटकन पटतो आणि गैरसोयीच्या पुराव्यात खोट काढावीशी वाटते, ही खोड कोणाची जास्त? २०१९ मध्ये ५१ प्रयोग एकत्र करून पाहिलं, तर दोघांची जवळपास सारखीच.

कोयता घेऊन जाणाऱ्याचं काय?

पाश्चात्त्य संशोधन पाथर्डीत आणलं की सगळ्यात जास्त ताण बसतो तो इथे. पाथर्डी हा दुष्काळी तालुका. दिवाळीच्या आसपास इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कोयता, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, मुकादमाची उचल, कारखान्याच्या गाळपापर्यंत पाचटाच्या कोपीत मुक्काम. हे कुटुंब परंपरा पाळणारं असतं. मोहटादेवीला नवरात्रात जाणार, भगवानगडावर माथा टेकणार, लग्न जातीतच करणार, घरात थोरल्याचा शब्द शेवटचा.

आता त्यांना विचारा: तोडणीचा दर सरकारने ठरवावा का? हो. रोजगार हमीची कामं निघावीत का? हो. कामगारांसाठी महामंडळ, विमा, मुलांसाठी वसतिगृह? हो, हो, हो. अमेरिकेच्या मापाने ही माणसं सामाजिक बाबतीत ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ आणि आर्थिक बाबतीत ‘लिबरल’ ठरतात. मग त्यांच्या विचारात विसंगती आहे का?

अजिबात नाही. १९६४ मध्येच फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं होतं की सगळी मतं एका साच्यात बसवणारे लोक थोडेच असतात, बहुतेक माणसं प्रत्येक प्रश्नावर वेगवेगळा विचार करतात. २०१४ मध्ये एरियल मल्का आणि सहकाऱ्यांनी पन्नासएक देशांची आकडेवारी तपासली. ज्यांना आयुष्यात सुरक्षितता आणि निश्चितता जास्त हवी असते, ते सामाजिक बाबतीत परंपरेकडे झुकतात, पण आर्थिक बाबतीत बहुधा सरकारी आधाराकडे. आणि हे तर्काला धरूनच आहे. पाऊस भरवशाचा नाही, मुकादम भरवशाचा नाही. मग भाऊबंद, देव आणि सरकार या तिन्ही गोष्टी एकाच गरजेतून हव्याशा वाटणार. परंपरा आणि रोजगार हमी इथे एकमेकींच्या विरोधात नाहीत, दोन्ही आधारच आहेत. १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तोही देशात सगळ्यांच्या आधी, यात नवल नाही.

भारतापुरतं बोलायचं तर प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या अभ्यासकांनी २०१८ च्या पुस्तकात हेच वेगळ्या बाजूने मांडलं. इथे विचारसरणी नाही, फक्त जात आणि पैसा आहे, हे त्यांना मान्य नाही. भांडणाचे मुद्दे मात्र युरोपापेक्षा वेगळे आहेत: सरकारने समाजाच्या चालीरीतींत किती हात घालावा, आणि मागे राहिलेल्या गटांना आरक्षणासारखी वेगळी ओळख द्यावी का. म्हणजे टिळक-आगरकरांचा १८९१ चा वाद अजून संपलेलाच नाही.

‘परंपरा’ हा शब्दही वाटतो तितका एकसंध नाही. २०१६ मध्ये भगवानगडावरच्या दसरा मेळाव्यावरून वाद पेटला. गडाच्या महंतांचं म्हणणं, गड भक्तीसाठी आहे, इथे राजकीय भाषण नको. समर्थकांचं म्हणणं, मेळावा ही आमची परंपरा आहे. त्या वर्षी मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला आणि पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या सावरगावला गेला. दोन्हीकडे परंपराच, आणि दोन्हीकडे भगवानबाबांचेच भक्त.

कुऱ्हाडबंदी डावी की उजवी?

याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास गावाने स्वतःला नियम लावून घेतले: नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे बोअरवेलच्या पाण्यावर शेती नको, उसासारखी पाणी पिणारी पिकं नकोत, हेही ठरलं. नियमांची यादी वाचली तर एखाद्या कडक सोवळ्याच्या घरातली वाटते. हे करायचं नाही, ते करायचं नाही, आणि गावाचा शब्द मोडायचा नाही. निष्ठा, अधिकाराचा मान, संयम, हे सगळे हाइटने ‘परंपरावादी’ म्हणून मोजलेले पाये. आणि त्यातून उभं काय राहिलं? जंगल, भूजल, लहान कुटुंब. म्हणजे पर्यावरण आणि कुटुंबनियोजन, जे प्रश्नावलीत ‘उदारमतवादी’ रकान्यात पडतात.

अमेरिकेत तयार झालेली प्रश्नावली हिवरे बाजारच्या ग्रामसभेत वाटली तर उत्तरं कशी मोजायची, हा संशोधकांचा प्रश्न. गावाचं त्यावाचून अडलेलं नाही.

पण गावाचा शब्द नेहमीच इतका गोड नसतो. याच मढीच्या यात्रेत वर्षानुवर्षं भटक्या समाजांच्या जातपंचायती भरत. विखुरलेल्या समाजाला वर्षातून एकदा एकत्र येऊन तंटे मिटवायला ती जागा होती. पोलिसांनी कायम संशयाने पाहिलेल्या आणि कोर्टाची पायरी न परवडणाऱ्या लोकांना हाच न्याय जवळचा वाटे. त्याच जागी दंड बसत, कुटुंबं वाळीत टाकली जात, आणि आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या आईबापांना समाजाचं दार बंद होई. एकाला जी सुरक्षितता वाटत होती, तीच दुसऱ्याचा गळा आवळत होती. ‘परंपरा जपा’ म्हणणाऱ्याला पहिली बाजू दिसते, ‘परंपरा मोडा’ म्हणणाऱ्याला दुसरी. वाळीत टाकलेल्या बाईला मात्र दोन्ही दिसतात.

राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये एकमताने मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. मागणी रेटली ती अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी आणि त्या त्या समाजातल्या पीडितांनी. कायदा आणला तो भाजप-शिवसेनेच्या सरकारने. शिक्का कुठला मारायचा, ज्याचं त्याने ठरवावं.

त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूरचा चौथरा महिलांना खुला झाला. उच्च न्यायालयाने महिलांचा प्रवेशाचा हक्क राखण्याची जबाबदारी सरकारवर टाकली होती, पण गावाचा विरोध होता. वादाच्या ऐन भरात देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला निवडून आली होती, आणि त्यांचं म्हणणं परंपरा जपण्याचं होतं. शेवटी ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी सगळ्यांना प्रवेश दिला. काही महिला तेलाची बाटली घेऊन वर चढल्या. गावातल्या अनेक महिला चढल्या नाहीत. बंदी उठल्यावरही न चढणं ही भीती, श्रद्धा की स्वतःची निवड, याचं उत्तर एकाच शब्दात देणाऱ्या दोन्ही बाजूंपासून जरा सावध राहिलेलं बरं.

समोरच्याच्या पायावर उभं राहून

मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर या दोन संशोधकांनी एक सोपा प्रश्न विचारला. समोरच्याला पटवायचं असेल, तर युक्तिवाद आपल्या मूल्यांतून करावा की त्याच्या? पर्यावरणाचा मुद्दा ‘निसर्गाला इजा होतेय’ असा मांडला तर परंपरावादी फारसे हलले नाहीत. तोच मुद्दा ‘आपलं पाणी, आपली हवा, आपली भूमी अशुद्ध होतेय’ असा मांडला, तर त्यांचा पाठिंबा वाढला.

गाडगेबाबांना हे सांगायला कुठलाही प्रयोग लागला नाही. हातात खराटा, रात्री कीर्तन. लोकांच्या ओळखीच्या देवळासमोर, ओळखीच्या चालीत, ‘देवापुढे बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला’ असं ते सांगत राहिले. आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘होळी करा लहान, पोळी करा दान’ ही मोहीम चालवली ती याच वाटेने. होळी बंद करा म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. इथे सण राहिला, दान हे जुनंच पुण्य राहिलं, फक्त आगीत जाणारी पोळी भुकेल्याच्या पानात गेली.

फाइनबर्ग आणि विलर यांनी २०१५ मध्ये लोकांना समोरच्या गटाला उद्देशून लिहायलाही सांगितलं. समलिंगी विवाहाला परंपरावाद्यांचा पाठिंबा मिळवायचाय, कसं पटवाल? फक्त ९ टक्के उदारमतवाद्यांनी परंपरावाद्यांच्या मूल्यांचा आधार घेतला. परंपरावाद्यांना इंग्रजी ही अधिकृत भाषा व्हावी हे उदारमतवाद्यांच्या गळी उतरवायला सांगितलं, तेव्हा समोरच्याची मूल्यं वापरणारे ८ टक्के निघाले. काहींनी तर पटवायचं सोडून त्या कागदावर समोरच्याच्या मूल्यांवरच टीका करून ठेवली होती, जणू काही तो तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुपच होता.